रेंज फुल, नेट गुल

या महिन्याच्या टपालात वायफायच्याच तक्रारी जास्त आहेत. माझं दुकान रत्नागिरीत. केबल टीव्हीच्या तारा ओढण्यापासून सुरुवात केली, आता फायबर जोडते, त्यामुळे अशा पत्रांची मला सवय आहे.

सगळ्या पत्रांत एक वाक्य ठरलेलं असतं: 'रेंज तर फुल आहे, मग नेट का नाही?' टॅबवरचे ते पट्टे फक्त टॅबपासून राउटरपर्यंतची हकिकत सांगतात. राउटरपासून रस्त्यावरच्या खांबापर्यंत आणि तिथून ऑपरेटरच्या ऑफिसापर्यंत काय चाललंय, याचा त्या पट्ट्यांना पत्ता नसतो. म्हणून पत्रात दोन गोष्टी जरूर कळवत जा. मोबाइल डेटा बंद करून राउटरशेजारी उभं राहिल्यावर नेट चालतं का? आणि त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या फोनवर चालतं का? ज्यांनी हे लिहिलंय त्यांची पत्रं आज आधी घेतली आहेत.

प्रश्न : ताई, आमचं घर जुनं, जांभ्याचं. नेटची तार ओटीवर येते, राउटर तिथेच भिंतीला आहे. माडीवर रेंज जेमतेम, म्हणून दिवाळीत पुतण्याने त्याचा जुना राउटर पुण्याहून आणला आणि खालून वायर ओढून माडीवर बसवला. तेव्हापासून ह्यांच्या टॅबवर पट्टे फुल, पण 'कनेक्टेड, इंटरनेट नाही' असं येतं. कधी माझ्या फोनवर चालतं आणि टॅबवर नाही, कधी उलटं. दोन्ही राउटर बंद करून चालू केले की थोडा वेळ बरं असतं. राउटरशेजारी उभं राहूनही फरक नाही. नेटवाल्याचा मुलगा म्हणतो, टॅब खराब झालाय. नवीन घ्यावा का?
— निवृत्त शिक्षिका, गुहागर तालुका

उत्तर : बाई, टॅब अजिबात घेऊ नका. तुमच्या पत्रातच उत्तर आहे: 'कधी फोनवर, कधी टॅबवर'. खराब टॅब असा पाळीपाळीने बरा होत नाही.

घरात येणाऱ्या प्रत्येक फोनला, टॅबला राउटर एक नंबर देतो. १९२.१६८.१.५ वगैरे आकडे कधी दिसले असतील, तेच ते. नंबराबरोबर 'बाहेर जायचं तर या दाराने जा' हेही सांगतो, त्याला गेटवे म्हणतात. नंबर वाटायच्या या कामाला डीएचसीपी असं नाव आहे. हे काम घरात एकानेच करायचं असतं. पुतण्याने राउटर आणला तो पुण्याच्या घरातल्या सेटिंगसकट, म्हणजे तोही नंबर वाटतोय. टॅबने नंबर मागितला की ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याने दिलेला नंबर टॅब घेतो. खालच्याने दिला तर नेट चालतं. वरच्याने दिला तर तो आपलंच दार दाखवतो, आणि त्या दारामागे काही नाही. पट्टे मात्र फुल, कारण वरचा राउटर टॅबपासून चार हातांवर आहे. राउटर बंद-चालू केल्यावर सगळे नव्याने नंबर मागतात, नशिबाने खालच्याचा मिळाला की बरं वाटतं.

खात्री करून घ्या. टॅबच्या सेटिंगमध्ये वायफायवर जा आणि जोडलेल्या नावाशेजारचं दातेरी चाक दाबा. आत गेटवेचा आकडा दिसेल. चालणाऱ्या फोनवर तोच आकडा पाहा. दोन्हींवर वेगळे आकडे आले तर मी म्हणते तेच. सारखे आले तरी लगेच मला खोटं पाडू नका. दोन्ही राउटरांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असू शकतो, आणि मग तर दोघांत सरळ मारामारीच.

आता दुरुस्ती. माडीवरच्या राउटरची खालून आलेली वायर काढा. फोन त्याच राउटरच्या वायफायला जोडा आणि राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर छापलेला पत्ता फोनच्या ब्राउझरमध्ये टाका. पासवर्ड पुतण्याला विचारा. आत 'ॲक्सेस पॉइंट मोड', म्हणजे नंबर न वाटता नुसतं वायफाय द्यायचं, असा पर्याय असेल तर तेवढा निवडा, वायर परत लावा, काम झालं. नसेल तर आधी लॅनच्या पानावर जाऊन त्याचा स्वतःचा पत्ता बदला. खालचा १९२.१६८.१.१ असेल तर वरच्याला १९२.१६८.१.२ द्या, मात्र खालचा राउटर तो आकडा दुसऱ्या कोणाला वाटत नाही ना, एवढं बघा. मग डीएचसीपी बंद करा. वायर पुन्हा लावताना वेगळ्या रंगाच्या एकट्या भोकात, म्हणजे वॅनमध्ये, लावू नका. बाकीच्या लॅनच्या भोकांपैकी एकात लावा. दोन्हींचं वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, म्हणजे जिन्यावरून वर-खाली करताना फोन आपसूक बदलेल. शेवटी टॅबमध्ये ते नाव 'फर्गेट' करून पुन्हा जोडा.

पुतण्याला रागावू नका हो. माडीपर्यंत वायर ओढली हे त्याने उत्तमच केलं. जांभ्याच्या जाड भिंतीतून, त्यातही पावसाळ्यात ओल धरलेल्या, ५ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम जाते. तिथे कितीही अँटेनांचा राउटर आणला असता तरी पैसे वाया गेले असते.

टॅबवर आळ घेणं सोपं असतं, आणि टॅब दर वेळी निर्दोष असतो असंही नाही. २०१० साली आयपॅड नवा आला तेव्हा अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या लक्षात आलं, की काही आयपॅड मिळालेल्या नंबराची मुदत संपली तरी तो सोडत नाहीत. तोवर तो नंबर दुसऱ्याला दिलेला असायचा. विद्यापीठाने असे काही आयपॅड चक्क नेटवर्कबाहेर ठेवले. तुमच्याकडे मात्र दोष नंबर वाटणाऱ्याचा आहे, घेणाऱ्याचा नाही.

प्रश्न : मुलाने न्यू जर्सीहून येताना माझ्यासाठी टॅब आणला. कधी आमचं वायफाय यादीत दिसतं, कधी नावच गायब. शेजारच्यांचं दिसतं, आमचं नाही! ह्यांच्या फोनवर त्याच वेळी सगळं सुरळीत चालू असतं. राउटरशेजारी बसूनही पाहिलं. मुलगा म्हणतो, तिकडे कधी असं झालं नाही.
— वाचक, नाशिक

उत्तर : मुलगा खरंच सांगतोय. तिकडे होणारच नाही.

घरच्या वायफायच्या लहरींचे मुख्य पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे (रेंज दाखवणारे पट्टे वेगळे). २.४ च्या पट्ट्यात चॅनेल, म्हणजे बोलायच्या वेगवेगळ्या वाटा, असतात. आपल्याकडे १ ते १३ वापरता येतात, अमेरिकेत वायफायची उपकरणं १ ते ११ वरच ठेवतात. तिकडे विकायला बनवलेले अनेक टॅब १२ आणि १३ कडे ढुंकूनही पाहत नाहीत. तुमचा राउटर 'ऑटो'वर असणार. तो मोकळा चॅनेल शोधतो, कधी ६ वर बसतो, कधी १३ वर. १३ वर गेला की टॅबपुरतं तुमचं वायफाय अदृश्य. ह्यांचा फोन इथला, त्याला १३ कळतो.

राउटरच्या वायरलेस सेटिंगमध्ये २.४ च्या पानावर 'ऑटो' काढून चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एक कायमचा निवडा. मुलगा परत जाण्याआधी त्याच्याकडूनच करून घ्या. त्याचा चार्जर इथल्या प्लगला बसत नाही हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं असेल, हे तसंच आहे.

प्रश्न : डोंबिवलीत सातव्या मजल्यावर राहतो. वायफायच्या यादीत पंचवीस-तीस नावं दिसतात. प्लॅन १०० एमबीपीएसचा, पण बेडरूममध्ये फोनवर ३५-४० च्या वर जात नाही. रात्री नऊनंतर व्हिडिओ कॉल अडकतो. राउटरजवळ ५जीवर घेतलं तर ९५ येतात. दुकानदार तीन अँटेनांचा रिपीटर घ्या म्हणतो.
— वाचक, डोंबिवली पूर्व

उत्तर : दादा, राउटरजवळ ५जीवर, म्हणजे ५ गिगाहर्ट्झवर, ९५ येतात म्हणजे ऑपरेटर सुटला. त्याला फोन करून वाद घालण्यात अर्थ नाही.

बेडरूममध्ये तुमचा फोन २.४ वर उतरतोय. मध्यम किमतीचा फोन २.४ वर, नेहमीच्या २० मेगाहर्ट्झ रुंदीत, राउटरशी जास्तीत जास्त ७२ एमबीपीएसने बोलतो, तेही वायफाय ४ किंवा ५ च्या फोनवर आणि कागदावर. हवेतली देवाणघेवाण, पोचपावत्या, थांबणं हे सगळं वजा केलं की हातात ४०-४५ उरतात. म्हणजे तुमचे ३५-४० हे बिघाडाचे आकडे नाहीतच, २.४ ची ती पोच आहे. रात्री नऊनंतर सगळी सोसायटी त्याच पट्ट्यात उतरते. एक जण बोलत असेल तर बाकीच्यांनी गप्प बसायचं, हा वायफायचा नियमच आहे. तुमचं वायफाय शेजाऱ्यांच्या मालिकेसाठी थांबलेलं असतं.

या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. कुणी शहाणपणा करून ३ किंवा ८ वर राउटर ठेवला तर तो दोन्हीकडच्यांना त्रास देतो आणि स्वतःलाही करून घेतो. कंपनीने २.४ ला ४० मेगाहर्ट्झ रुंदी चालू ठेवली असेल तर ती २० करा. आकडा मोठा दिसतो म्हणून लोक ४० ठेवतात, पण इमारतीत तो मोठा आकडा नुसता शोभेचा.

खरा उपाय म्हणजे ५ गिगाहर्ट्झ बेडरूमपर्यंत पोचवणं. आधी फुकटचं करून बघा. राउटर टीव्हीच्या मागे, शोकेसच्या काचेआड नाहीतर लोखंडी कपाटाच्या डोक्यावर असेल तर तो काढून मोकळ्या भिंतीवर, छातीच्या उंचीला, हॉलच्या बेडरूमकडच्या बाजूला आणा. फायबरची तार तेवढी लांब नसेल तर ऑपरेटरकडून वाढवून घ्या. ती स्वतः ओढू नका आणि कोपऱ्यात काटकोनात दुमडू तर मुळीच नका, आतली काच असते. मग फोनवर वायफायची ताकद मोजणारं एखादं ॲप घ्या. उणे ६७ च्या आसपास आकडा आला तर व्हिडिओ कॉल सुखाने होईल. उणे ७५ च्या खाली घसरला की कटकट सुरू. हा आकडा उण्यात असतो, त्यामुळे ७५ हा ६७ पेक्षा वाईट. दुकानात रोज कोणीतरी याच्यावर माझ्याशी भांडतं.

रिपीटरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: वायर ओढायची सोय असेल तर रिपीटर घ्यायचा नाही. स्वस्त रिपीटर एकाच रेडिओने ऐकतो आणि त्याच रेडिओने पुढे सांगतो, म्हणजे वेग निम्म्यावर आला. आणि लोक तो बेडरूममध्ये, जिथे मुळात रेंजच नाही तिथे लावतात. त्यालाच ऐकू येत नसेल तर तो सांगणार काय? घ्यायचाच असेल तर २.४ आणि ५ दोन्हींवर चालणारा घ्या आणि मधल्या पॅसेजमध्ये लावा. पण हॉलमधून बेडरूममध्ये पट्टीतून एक कॅट-६ वायर टाकून तिथे ॲक्सेस पॉइंट लावलात तर पुन्हा मला पत्र लिहावं लागणार नाही.

प्रश्न : आमच्या राउटरचं ५जीचं नाव मधूनच गायब होतं आणि एक-दोन मिनिटांनी परत येतं. २.४ चं नाव तसंच असतं. आम्ही जोगेश्वरीत राहतो. आमच्या भागात मोबाइलचं ५जी कमकुवत आहे, म्हणून होत असेल का?
— वाचक, मुंबई

उत्तर : राउटरवरचं ५जी आणि मोबाइलचं ५जी यांचा काही संबंध नाही. राउटरवर ते ५ गिगाहर्ट्झचं लघुरूप आहे.

५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घ्यायचे असतात. राउटरला रडारची चाहूल लागली तर त्याने लगेच जागा सोडायची, आणि तसाच दुसरा चॅनेल घ्यायचा तर निदान एक मिनिट कान देऊन मगच बोलायचं, असा नियम आहे. तुमचं 'एक-दोन मिनिटांनी परत येतं' याच्याशी जुळतं. जोगेश्वरीला वेरावलीच्या टेकडीवर हवामान खात्याचं सी-बँडचं, म्हणजे याच ५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारं, रडार आहे. तुमच्याकडे तेच कारण आहे असं मी इथे बसून छातीठोक सांगणार नाही, कधीकधी राउटर उगाचच दचकतो. पण उपाय दोन्हीला एकच. चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांपैकी एक ठरवून द्या. फरक पडला तर कळवा.

प्रश्न : जुना टॅब कपाटातून काढून चार्ज केला. वायफायला जोडला जातो, पट्टे फुल, पण बऱ्याच साइट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडतच नाहीत. नातवाच्या फोनवर त्याच साइट उघडतात.
— आजोबा, सातारा

उत्तर : आजोबा, आधी टॅबवरची तारीख बघा. बॅटरी पूर्ण उतरून पडून राहिलेला टॅब कधीकधी १९७० साल दाखवतो. साइटच्या प्रमाणपत्राला, म्हणजे तिच्या ओळखपत्राला, मुदत असते. टॅबच्या मते अजून ते प्रमाणपत्र जन्मालाच आलेलं नसतं, म्हणून तो दार लावून घेतो. तारीख-वेळ बरोबर करा, बरेचदा तेवढ्यावर भागतं.

नाही भागलं तर अँड्रॉइडची आवृत्ती बघा. ७.१.१ च्या आधीची असेल तर तुमच्या टॅबला लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं नवं मूळ प्रमाणपत्र माहीतच नाही. जगातल्या असंख्य साइट याच संस्थेची प्रमाणपत्रं वापरतात. जुन्या टॅबसाठी केलेली तात्पुरती सोय सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. यात वायफायचा दोष नाही, राउटर बदलून काही होणार नाही. टॅब भजनं, फोटो, उतरवून घेतलेली पुस्तकं यासाठी ठेवा. बँकेचं काम त्यावर नको.

प्रश्न : बाबांनी नवी श्रवणयंत्रं घेतली, ती ब्लूटूथने टॅबला जोडतात. यंत्रं जोडली की व्हिडिओ कॉल तुटक होतो, काढली की छान चालतो. यंत्रवाले म्हणतात वायफाय खराब, वायफायवाले म्हणतात यंत्र खराब.
— वाचक, मिरज

उत्तर : दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि म्हणूनच बाबांचे हाल. ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय एकाच पट्ट्यात चालतं, आणि टॅबमध्ये बहुतेक वेळा दोघांना एकच अँटेना वाटून दिलेली असते. एकाची पाळी चालू असताना दुसऱ्याला थांबावं लागतं. टॅब ५ गिगाहर्ट्झवर घ्या. राउटरमध्ये दोन पट्ट्यांना एकच नाव असेल तर वेगळी नावं द्या आणि टॅबमधून २.४ चं नाव 'फर्गेट' करून टाका, नाहीतर तो पुन्हा गुपचूप तिकडे जाईल. बाबांची बसायची जागा राउटर दिसेल अशी ठेवा. टॅब फक्त २.४ चाच असेल तर मात्र टॅब बदलण्याचा खर्च मी योग्य मानेन. कॉल तुटला की बाबा 'हो हो' म्हणून वेळ मारून नेतात आणि कोणाला काही कळत नाही, हे मी घरोघरी पाहिलंय.

प्रश्न : मुलाच्या टॅबचं नेट रात्री दहाला राउटरवरून बंद होईल असं लावलंय. तरी अकराला याचा गेम चालू! टॅब नावानिशी यादीत टाकलाय. हॉटस्पॉट नाही, खात्री केली.
— आई, पुणे

उत्तर : ताई, मुलगा हुशार आहे, अभिनंदन. राउटर टॅबला ओळखतो तो नावाने नाही, मॅक ॲड्रेसने, म्हणजे उपकरणाच्या ओळख-क्रमांकाने. अँड्रॉइड १० पासून, आणि आयपॅडवर २०२० च्या आवृत्तीपासून, टॅब खरा ॲड्रेस झाकून बनावट पुढे करतो. चिरंजीवांनी 'प्रायव्हसी'मध्ये जाऊन बनावट सोडून खरा लावला असणार. राउटरच्या लेखी तो नवाच पाहुणा झाला, आणि नव्या पाहुण्याला तुमची दहाची वेळ लागू नाही.

एकेका टॅबला अडवत बसू नका. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, चालू करा, त्याला दहाची वेळ लावता येते का बघा, आणि मुलाला फक्त त्याचा पासवर्ड द्या. मुख्य वायफायचा पासवर्ड बदला. राउटरच्या ॲडमिनचा पासवर्डही बदला, तो अजून 'ॲडमिन'च असेल तर त्याला केव्हाच सापडलाय.

थोडक्यात उत्तरं :

दापोली — लाल दिवा, त्याखाली 'एलओएस' : वायफायच्या सेटिंगला हात लावू नका, प्रकाशच पोचत नाही. बहुधा बाहेर तार तुटली असेल. आपल्याकडे वानर तारांवर झोके घेतात. ऑपरेटरला बोलवा. सुटलेल्या टोकात डोळा घालून बघू नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला घातक असतो.

सावंतवाडी — लाइट गेली की घर इन्व्हर्टरवर जातं, पण नेट पाच मिनिटं बंद : बदलाच्या त्या क्षणी राउटर बंद पडून पुन्हा उठतो. ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट लिहिलं असेल तर त्याच व्होल्टचा राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. तो घेताना ॲम्पियरही जुळवा. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही हवा, नाहीतर राउटर जागा आणि डबा झोपलेला.

अहिल्यानगर — राउटरमागे ॲल्युमिनियम फॉइल लावल्याने रेंज वाढते का : फॉइलच्या समोर थोडी वाढते, मागच्या बाजूची जाते. मागे देवघर असेल तर लावा, आईंचा टॅब असेल तर नको.